आत्येचा समुद्र

समुद्रापासून दहा मुक्काम दूर, एका डोंगरी गावात एक आत्या आणि तिचा भाचा राहत असत. आत्येची सकाळ देवपूजेत जाई आणि तिसरा प्रहर भाच्याच्या संगणकापुढे. पडद्यावरच्या खेळात भाचा तलवार चालवी, आत्या घोडा हाकी. खेळाच्या शेवटी समुद्र होता. आत्येने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

त्या वर्षी वैद्याने तिचे डोळे तपासून सांगितले, की ही दृष्टी फार तर दसऱ्यापर्यंत टिकेल. आत्येने देवाला दोष दिला नाही. भाच्याला एवढेच म्हणाली, "बाबा रे, एकदा समुद्रापर्यंत ने मला."

"या जुन्या ग्राफिक्स कार्डावर नको, आत्या. लाटा धूसर दिसतील, घोडा अडखळेल. आषाढात नवं येतंय."

चित्र उमटवणारे ते जुने कार्ड अजून धडधाकट होते. तरी नव्याच्या भरात त्याने ते काढून एका मित्राला देऊन टाकले. पडदा काळा झाला.

आषाढात नवे कार्ड आले. तोच वार्ता आली, की भाद्रपदात याहून सरस येणार. भाचा दुकानाच्या पायरीवरून माघारी फिरला. भाद्रपदातही तेच. पडद्यावर किती ठिपके, क्षणाला किती चित्रे, हे आकडे मात्र तो रोज आत्येला वाचून दाखवी. इकडे तिला एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या होत्या. वाती वळताना कापूस चाचपावा लागे. तिचा राग जपाची माळही शमवीना.

घटस्थापनेला भाचा म्हणाला, की दिवाळीला सर्वांत उत्तम येईल, तेवढे थांबू. मग त्याचे लक्ष घटाकडे गेले. पुढची समई लावलेलीच नव्हती.

"आत्या, दिवा?"

"साजूक तूप उद्या येणार आहे. तोवर देवी बसेल अंधारात. तुझ्याकडूनच शिकले मी."

भाच्याची मान खाली गेली. आत्येने घरातल्याच तेलात वात भिजवली आणि चाचपडत समई लावली.

तो जुने कार्ड परत मागायला धावला, तर मित्र ते घेऊन परगावी गेलेला. दुकानात गेला, तर सगळी कार्डे संपलेली. दुकानदार म्हणाला, थोडे थांबा.

कार्ड हाती आले तेव्हा दसरा उलटला होता. पडद्यावर समुद्र उसळला. फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा वेगळा दिसत होता. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"कसा आहे समुद्र? सांग."

भाचा ठिपक्यांची संख्या सांगू लागला.

"आकडे नकोत. समुद्र सांग."

सहा महिने त्याने आकड्यांखेरीज काही पाहिलेच नव्हते.

"इथवर घोडा मी हाकत आणला होता," आत्या उठत म्हणाली. "तू नुसता उभा करून ठेवलास."

तात्पर्य एवढेच: उद्याच्या तुपासाठी जो आजची वात कोरडी ठेवतो, त्याच्या घरी उजेड येतो तेव्हा पाहणारे डोळे उरलेले नसतात.