कुंदाची जाई आणि पाचोळापरी

टेकडीखाली एक भलीमोठी सार्वजनिक बाग होती, आणि बागेच्या मागे एक चिमुकलं घर. घराला एकच दार, दारापुढे हातरुमालाएवढं अंगण आणि अंगणात एकुलती एक जाईची वेल. या घरात कुंदा आणि तिची आई राहायच्या. जाई कुंदाच्या बाबांनी लावली होती. बाबा आता नव्हते, पण जाई होती. आई दिवसभर बागेतले रस्ते झाडायची आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकण्याआधी वेलीवरून हात फिरवायची.

त्या वर्षी चैत्रातच ऊन असं तापलं की विचारू नका! नळाला कसंबसं दोन हंडे पाणी यायचं. स्वयंपाक, धुणीभांडी झाली की जाईच्या वाट्याला उरायचा एक तांब्या. तो ओतला की माती चर्र म्हणायची, आणि घटकाभरात पुन्हा कोरडी ठक्क. जाईची पानं पिवळी पडू लागली.

"यंदा हिचं काही खरं नाही गं कुंदे," एकदा आई म्हणाली आणि पटकन तोंड फिरवून आत गेली.

दर रविवारी बागेत, तामणाच्या जांभळ्या फुलांखाली शालनताईंचा बागकामाचा वर्ग भरायचा. कुंदा सगळ्यात पुढे बसायची.

"वरून ओतलेलं पाणी ऊन पिऊन टाकतं," शालनताई एका रविवारी सांगत होत्या. "म्हणून झाडाजवळ एक मातीचं मडकं पुरा. त्यातलं पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळांना मिळतं. मातीवर वाळक्या पानांची दुलई घाला. पाचोळा म्हणजे कचरा नव्हे बरं!"

पण ऐकतंय कोण? वर्ग सुटला, आणि टोपीवाल्या एका काकांनी पाचोळ्याच्या ढिगाजवळ काडी ओढली.

"काका, नका हो पेटवू!" कुंदा धावली. "यात किडे-मुंग्यांची घरं आहेत!"

"एवढा पुळका असेल तर ने की घरी," काका हसले.

कुंदाने खरंच आईचं पोतं आणलं आणि ओंजळी-ओंजळीने सगळा ढीग भरून घेतला. शेवटचं पान उचललं, तोच छुन्न छुन्न! पानाखालून एक बोटभर उंचीची परी बाहेर आली. तांबूस चमचमता झगा, पिंपळाच्या जाळीदार पानांचे पंख आणि पायात दवाचे इवले इवले पैंजण!

"मी पाचोळापरी," ती गोड आवाजात म्हणाली. "तू माझं घर वाचवलंस. या घे दोन सोनेरी बिया. एका बीला एकच इच्छा, आणि तीही एकाच झाडासाठी. इच्छा बोलायची, बी पेरायची, आणि कोंब आपणहून वर येईपर्यंत उकरून बघायचं नाही!"

कुंदाने घरी येताच पहिली बी पेरली. "माझी जाई जगू दे!" पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी तिच्याने राहवेना. बी रुजली असेल ना? नुसतं एवढंसं बघितलं तर? काडीने तिने माती जराशी, अगदी जराशी बाजूला केली. आणि मट्कन्! टिकलीएवढ्या पांढऱ्या कोंबाची मान मोडली. सोनेरी बी काळी पडली.

कुंदा हमसून हमसून रडली. शेजारच्या हुसेना चाची काठी टेकत आल्या.

"रडू नको बेटा. माझं लिंबू पण बघ, पार वाळून चाललंय. मी त्याच्याशीच बोलत बसते दिवसभर. ते गेलं तर मी कुणाशी बोलू?"

कुंदाने मुठीतल्या दुसऱ्या बीकडे पाहिलं. मग जाईकडे. मग चाचींच्या रिकाम्या ओसरीकडे. तिला फार फार वाईट वाटत होतं. पण आपल्याला आई आहे आणि आईला आपण आहोत, चाचींना कोण आहे? तिने डोळे पुसले, बी लिंबापाशी पेरली आणि म्हणाली, "चाचींचं लिंबू जगू दे."

आता जाईसाठी इच्छा उरली नव्हती. उरलं होतं ते शालनताईंचं सांगणं आणि पोतंभर पाचोळा. कुंदाने दारामागचं जुनं मडकं काढलं आणि वेलीपासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलं. रोजचा तांब्या त्यात ओतला, वर झाकणी ठेवली आणि सगळ्या मातीवर पाचोळ्याची जाड दुलई पसरली.

मग ती थांबली. बोटं कितीही शिवशिवली तरी तिने एक पानसुद्धा हलवलं नाही.

आठव्या दिवशी चाचींच्या लिंबापाशी सोनेरी कोंब आला आणि बघता बघता लिंबाला पांढरी, सुगंधी फुलं लागली. चाची टाळ्या वाजवत हसल्या. कुंदाही हसली, पण जाईकडे बघायचा तिला धीर होईना.

"बघ तरी," कानाशी पैंजण वाजले.

कुंदाने मान वळवली. जाईच्या शेंड्याला एक पोपटी पान फुटलं होतं. आणि त्याच्या कुशीत होती एक कळी!

"परीताई, ही तू केलीस?"

"छे गं! ही तुझ्या मडक्याने केली, आणि तुझ्या धीराने," परी म्हणाली. "पण दुसऱ्याच्या झाडासाठी तू आपली इच्छा दिलीस. त्याचं बक्षीस मात्र माझ्याकडून."

परीने एक गिरकी घेतली. पंखांतून सोनेरी, गुलाबी, चंदेरी ठिणग्या उडाल्या आणि प्रत्येक ठिणगी वेलीवर बसून कळी झाली. सारं अंगण उजळून निघालं. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. एक जाळीदार पान तेवढं तरंगत पाचोळ्यावर येऊन पडलं.

तिन्हीसांजेला आई आली. सवयीने तिचा हात वेलीवर गेला आणि तिथेच थांबला. कळ्या उमलत होत्या. आईने वाकून त्या हुंगल्या. मग कुंदाला पोटाशी धरून म्हणाली, "अगदी तुझ्या बाबांच्या वेळचा वास आहे गं."

ही गोष्ट मी आता तुमच्या अंगणात पेरून ठेवली आहे. रोज तांब्याभर पाणी घाला. आणि हो, उकरून बघू नका हं!