परसदारची हाक

तळ्याकाठच्या एका गावात फागू आणि सगुणा हे जोडपे राहत असे. परसात त्यांनी बदके पाळली होती. एकदा, नेहमीसारख्याच एका दुपारी, सगुणा बदकांसाठी कोंडा भिजवत असताना निरोप आला. अंडी विकायला शेजारगावच्या बाजाराला गेलेला फागू लिंबाच्या सावलीत टेकला, तो उठलाच नाही.

दिवसकार्य झाले. पाहुणे परतले. घरी सगुणा आणि बदके उरली.

अंधारू लागले की कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात शिरतात. बदकांचे तसे नसते. त्यांना पाणी सोडवत नाही. कोणीतरी बोलवावे लागते. ते काम फागूचे होते. काठावर उभा राहून तो हाक मारी, "ये गं, ये. सांज झाली." बदके रांगेने वर येत, आणि त्याच वेळी कोंड्याचे घमेले घेऊन सगुणा परसदारी येई. नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायचे नाही, अशी त्या गावची रीत होती. फागूने ती कधी मोडली नाही. तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, "मी बदकांना बोलावलं. तू कशाला आलीस?" सगुणा पदराआड हसे.

फागू गेल्यावर सगुणाने ती हाक तोंडातून काढली नाही. ती त्याची होती. आपण मारली तर झिजून जाईल, असे तिला वाटे. संध्याकाळी ती ताट वाजवी, दाणे टाकी, बांबू घेऊन काठाकाठाने फिरे. बदके आणखीच आत सरकत. मग अंधारात ती पलीकडच्या काठावर झोपत, आणि सकाळी गवतात पिसे पडलेली असत. कोल्ह्याला वाट सापडली होती.

सगुणाने खुराड्याला नवी जाळी ठोकली, कुंपणाला काटे लावले. पण खुराड्यात कोणी येतच नव्हते. काठच्या लव्हाळ्यात एक बदक अंड्यांवर बसले होते, तेही गेले. अंडी सगुणाने उचलून शेजारच्या घरातल्या कोंबडीखाली ठेवली. पण ती आधीच गार झाली होती. एकातूनही पिल्लू निघाले नाही.

शेजारची कौतिकाबाई वयाने मोठी आणि जिभेने तिखट होती. ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"सगुणे, कोल्ह्याला आवतण धाडलंस का? फागू मारायचा तशी हाक मार की."

"ती हाक बदकांची नव्हती, काकू."

"कोणाची होती ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बदकांना तेवढं ठाऊक नाही. त्यांना ती आपलीच वाटते." मग कौतिकाबाई हळू म्हणाली, "ही बदकं संपली की ती हाक ओळखणारं दुसरं कोण उरेल गं?"

त्या संध्याकाळी सगुणा हातात काही न घेता तळ्यावर गेली. उरलेली बदके मधोमध पोहत होती. पहिल्यांदा तिचा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला तो चिरका.

"ये गं, ये. सांज झाली."

पाण्यावर माना ताठ झाल्या. एका बदकाने आवाज दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. ओरडत, डुलत ती काठावर आली आणि तिच्या पायांना घासून खुराड्यात गेली. सगुणाने दार लावून घेतले. हाक झिजली नव्हती. उलट इतक्या दिवसांनी ती पुन्हा परसात ऐकू आली होती.

त्यानंतर ती रोज हाक मारू लागली. गेलेली बदके परत आली नाहीत, पण उरलेली टिकली. रोज ती आधी पाण्यातूनच उत्तर देत आणि मग निघत. ते ऐकताना सगुणाच्या मनात एकच गोष्ट येई. इतकी वर्षे फागूच्या हाकेसरशी ती स्वतः दारात आली, उभी राहिली, हसली; पण लोक ऐकतील म्हणून एकदाही 'ओ' म्हणाली नाही. तेवढे म्हणायचे राहून गेले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचे जे मागे उरते, ते जपून ठेवल्याने नव्हे, वापरल्याने टिकते, आणि आपल्या माणसाची हाक कानावर येते आहे तोवर तिला ओ देण्यात संकोच करू नये.