राजाचं दार आणि राहीच्या मिरच्या

"शाळेचं दार आतच उघडणार!" राजा कीर्तिध्वज गरजला. "आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार उघडणं म्हणजे त्याचा अपमान. आमच्या राज्यात असलं चालत नाही!"

समोर राही उभी होती. शाळेसमोर भट्टी लावून ती चणे-फुटाणे विकायची. आदल्या दिवशी वर्गात गांधीलमाशा शिरल्या. पोरं किंचाळत दाराला जाऊन खेटली, आणि आत उघडणारं ते भलंमोठं दार काही उघडेना! रेटारेटीत राहीच्या लेकीचा, सगुणाचा हात मुरगळला. नशीब, हातावरच निभावलं.

"महाराज, पाहुणा येतो कधीतरी. पोरं रोज आत असतात हो!"

"मला शिकवतेस?" राजाचं डोकं फिरलं. हा एकदा हट्टाला पेटला की राणीसुद्धा गुपचूप दुसऱ्या दालनात निघून जायची. "ठीक आहे! दाराला हात लावायचा नाही. दाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि उद्या माझ्याच तोंडून वदवून घे की हे दार वाईट आहे! नाही जमलं, तर तुझ्या पोरीचं नाव शाळेतून कमी!"

दरबार खो खो हसला. सगुणाला नुकतं कुठे वाचता येऊ लागलं होतं. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत ती गावभर हिंडायची. तिची शाळा सुटणार? छे! राहीने पदर खोचला.

"कबूल, महाराज! फक्त उद्याचा दरबार शाळेत भरवा, आणि पोरांना सुट्टी द्या."

दुसऱ्या दिवशी मोठमोठे सरदार आणि शास्त्री पोरांच्या चटयांवर मांड्या घालून बसले. दार लावून घेतलं. बाहेर राहीने भट्टी खिडकीखाली आणली, वाऱ्याचा अंदाज घेतला, चणे बाजूला काढले आणि तापलेल्या कढईत ओंजळभर लाल मिरच्या टाकल्या.

"आक्छी!" पहिले शिंकले सेनापती. मग प्रधानजी. मग काय, अख्ख्या दरबाराला ठसका! राजा उठून दाराकडे पळाला. राजाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही हा दरबाराचा रिवाज, म्हणून सगळे त्याच्या मागे, अगदी एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट!

राजाने दार ओढलं. ते दोन बोटं उघडलं आणि मागच्या रेट्याने धाडकन बंद झालं.

"मागे सरा!" राजा ओरडला.

"पुढे चला!" मागचे ओरडले.

"अरे मेलो! कुठल्या गाढवाने हे दार आत उघडणारं केलं? इतकं भिकार दार जन्मात पाहिलं नाही!"

"महाराज," प्रधानजी खोकत म्हणाले, "आपणच."

खिडकीशी उभ्या राहीने हे ऐकलं आणि लगेच कढई उतरवून झाकली. धूर विरला, माणसं पांगली, तेव्हा कुठे दार उघडलं. पागोटं तिरकं, नाकाला धार, अशा थाटात महाराज बाहेर आले.

"दाराला हात लावला नाही, महाराज," राही म्हणाली. "दाराबद्दल शब्द काढला नाही. आणि गाढव कोण, तेही मी नाही सांगितलं!"

पण हट्टी माणूस असा सुटतो होय? "यात दाराचा काय दोष?" राजा फणफणला. "चार माणसं मागे सरली असती, तर उघडलं असतं की!"

"तेच तर, महाराज! आत सगळी शहाणीसुरती माणसं होती. लागला होता नुसता ठसका. हुकूम खुद्द राजाचा होता. तरी एक जण मागे सरला नाही! मग भेदरलेली चिमुरडी पोरं गुरुजींच्या सांगण्याने सरतील? बाहेरच्या पाहुण्याला 'जरा बाजूला व्हा' म्हटलं, की तो होतो. आता तुम्हीच सांगा, मागे सरायचं कुणी?"

राजाने वळून दरबाराकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे लाल, नाकं त्याहून लाल! त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो हसत सुटला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला.

"पाहुण्याने! आणि पाहुणा मी असलो, तर मी! बोलवा सुतारांना. राज्यातल्या झाडून सगळ्या शाळांची दारं आजपासून बाहेर उघडणार! आणि राही, शाळेसमोरच्या चिंचेखाली तुला पक्कं दुकान बांधून देतो. सगुणा हवं तेवढं शिकू दे. पण माझी एक अट आहे!"

"कोणती, महाराज?"

"मिरच्या भाजशील तेव्हा वारा राजवाड्याकडे नाही ना, एवढं बघून भाज!"