साळूच्या घरची रानहळद

सह्याद्रीच्या एका उतारावर, जिथे ओढा खडकांना वळसा घालून खाली उतरतो, त्या रानात एक साळू राहत असे. मुलांनो, साळू म्हणजे अंगभर काळेपांढरे काटे घेऊन फिरणारा प्राणी. जमिनीतले कंद उकरून खायचे, हा तिचा पिढीजात धंदा. पण या साळूला एक निराळीच आवड होती. ओढ्याकाठी रानहळद फुलली, की ती खाणेपिणे विसरून तिच्याकडे पाहत बसे. खाली पिवळीधमक फुले आणि वर गुलाबी तुरा!

एके वर्षी रानडुकरांच्या कळपाने ओढ्याचा काठ पार उकरून काढला आणि रानहळदीचे कंद फस्त केले. एका दगडाखाली तेवढा एक कंद वाचला होता. त्याला नुकतीच दोन पाने फुटली होती. साळूला भूक तर लागलीच होती. तिने कंद हुंगला आणि न खाता तो अलगद तोंडात धरून घरी आणला. बिळासमोरच्या उंच मुरमाड ढिगावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी तिने तो लावला.

"वा! तुझ्या दाराला शोभा आली," मोर म्हणाला. साळू हरखून गेली.

पण पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि पानांच्या कडा करपल्या. साळूने पानाच्या द्रोणातून पाणी आणून घातले, ते मुरमातून तेव्हाच निथळून गेले. घाबरून ती ओढ्यातल्या म्हाताऱ्या खेकड्याकडे गेली. "खेकडेबाबा, रोज पाणी घालते, तरी ती सुकतेच आहे. माझं काय चुकलं?"

"पोरी, ती माझ्या शेजारी वाढलेली," खेकडा म्हणाला. "तिला मुळाशी ओल हवी आणि डोक्यावर विरळ सावली. पाऊस थांबला तरी माती ओली राहते, अशी जागा आहे का तुझ्या घराजवळ?"

अशी एकच जागा होती, बिळामागे जांभळाखालचा खोलगट खड्डा. दुपारभर त्या गार मातीत अंग टाकून साळू स्वतःच झोपत असे.

"आहे," ती हळूच म्हणाली, "पण ती माझी झोपायची जागा आहे."

"मग तूच ठरव, बाई."

त्याच संध्याकाळी साळूने रानहळद खड्ड्यात हलवली आणि भोवती कुजलेला पाला पसरला. दुपारी ती आता उबट बिळात कूस बदलत पडे. पण पानांना तजेला आलेला पाहिला, की तिचा सगळा शीण जाई.

त्या वर्षी फूल आलेच नाही. दिवाळीनंतर तर पाने पिवळी पडून मातीला मिळाली. "मेलं तुझं झाड! उगाच जागा घालवलीस," मोर म्हणाला. साळू रडवेली होऊन पुन्हा ओढ्यावर धावली.

"मेली नाही गं, झोपली आहे," खेकडा म्हणाला. "फक्त तिला उकरू नकोस."

मग कडक उन्हाळा आला. रानात कंदमुळे मिळेनाशी झाली. एके सकाळी एक भुकेलेले रानडुक्कर हुंगत हुंगत खड्ड्यापाशी आले. "इथे कंद आहे. चल, दोघं वाटून खाऊ. तूही उपाशीच दिसतेस."

साळूच्या पोटात खरोखरच कावळे ओरडत होते. तरी ती खड्डा आणि डुक्कर यांच्यामध्ये उभी राहिली, डुकराकडे पाठ केली आणि अंगावरचे सगळे काटे ताठ करून खुळखुळवले. "तिथे माझ्या घरचं कुणीतरी झोपलंय. एक पाऊल पुढे टाकलंस, तर नाकात काटे घुसतील!" डुक्कर फुरफुरले, जागच्या जागी घुटमळले आणि निघून गेले. मुलांनो, अशी हिंमत पोट भरलेले असताना कुणीही दाखवील. साळूने ती उपाशीपोटी दाखवली.

श्रावण आला तेव्हा त्या खड्ड्यात पाच तुरे डोलत होते! एका कंदाला कितीतरी कंद फुटले होते. मधमाश्यांची नुसती झुंबड उडाली होती. मोर आला आणि पिसारा मिटून पाहतच राहिला.

"साळूताई, एवढं देखणं फूल मागल्या दारी कशाला लपवलंस?"

"लपवलं नाही रे. तिला ही जागा मानवते. बघायचं असेल, तर आपणच मागे यावं."

मग ससा आला, मुंगूस आले, भेकर आले. प्रत्येकाला आपल्या दारी लावायला एकेक कंद हवा होता. साळूने कुणालाच नाही म्हटले नाही. ती एवढेच म्हणे, "देते की! पण आधी चला, तुमच्या अंगणात ओल कुठे टिकते ते मला दाखवा."

तात्पर्य : ज्याला आपल्या घरी आणले, त्याला आपल्या मिरवण्याची नव्हे, तर त्याला मानवेल अशी जागा द्यावी; माया खरी असेल, तर त्यासाठी आपली जागाही सोडावी.