टाकीतला स्वार्थ

देवाशपथ सांगतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी दाराबाहेर होतो. पण कान आत होते.

शलाका डोंगरदिवेने मैत्रिणींना घेऊन कॉलेजची पाण्याची टाकी घासून काढली आणि आठवड्याने विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीचा अर्ज भरला. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब खराडे भारी संशयी. कुणाच्या हातात बादली दिसली, की त्यांना तिच्यात मतपेटी दिसे. त्यांनी प्राचार्यांदेखत तिला बोलावलं.

"काय गं पोरी, ही सेवा की मतांची पेरणी? यात तुझा काडीचाही स्वार्थ नाही, असं लिहून दे. नाहीतर अर्ज बाद!"

"खोटं कसं लिहू, आप्पासाहेब? स्वार्थ आहे ना."

"बघा सर, कबूल झाली!"

"त्या टाकीचं पाणी मी रोज पिते," शलाका म्हणाली. "निःस्वार्थी तुम्ही. बाटलीतलं पिता, म्हणून तर बारा वर्षांत टाकीच्या झाकणालाही हात लावला नाहीत."

प्राचार्यांनी हसू दाबत अर्जावर सही केली. आप्पासाहेबांची मान शरमेने खाली गेली.

आता खरं सांगतो. अर्ज मंजूर झाला, उत्तरही तिचंच. ती शरम तेवढी मी पदरची घातली.