निवाडा न देणारा अमात्य

फार पूर्वी वेत्रपुरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायाचा अमात्य होता. राणी भद्रवती बाळंतपणात वारली, आणि मेल्यावर माणसाचे काही उरते का, या एकाच प्रश्नाने राजाला घेरले. त्याने नगरातले दोन आचार्य सभेत बोलावले. आत्मा उरतो, असे वत्सक म्हणत. काही उरत नाही, असे कंकायन. सात दिवस वाद चालला. एकाचे उत्तर संपले की दुसऱ्याची शंका तयार असे.

आठव्या दिवशी राजाने बोधिसत्त्वाला निवाडा विचारला.

"महाराज, कोण सरस बोलले ते मी सांगू शकतो. खरे कोणाचे, ते मला ठाऊक नाही. या दोघांनाही नाही."

हा विद्येचा अपमान आहे, असे दोन्ही आचार्य म्हणाले. आठ दिवसांत त्यांचे एवढ्यावरच एकमत झाले.

राजा हळूच म्हणाला, "अमात्य, ती कुठेतरी आहे, एवढे तरी म्हणा."

बोधिसत्त्वाची मुलगी त्याच साली गेली होती. आहे म्हणावे, असे त्यालाही फार वाटले.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

राजाने त्याला पदावरून काढून दुसरा अमात्य नेमला. त्याने त्याच दिवशी वत्सकांना विजयी ठरवले. कंकायनांचा आश्रम जाळून त्यांना शिष्यांसह सीमेपार हाकलले. वृद्ध कंकायनांना चालवेना, म्हणून बोधिसत्त्वाने त्यांना पाठीवर घेतले. तिसऱ्या दिवशी एका ओढ्याकाठी ते मरणाला टेकले.

"माझ्या बाजूने बोलला असतास, तर आश्रम वाचला असता."

"मग वत्सकांचा जळाला असता."

"जळू द्यायचा होतास," कंकायन म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवले. तसेच ते वारले.

वर्षही झाले नाही, तोच वत्सकांच्या शिष्यांत फूट पडली. उरलेल्या आत्म्याला आपली माणसे आठवतात, असे निम्मे म्हणत. आठवत नाहीत, असे बाकीचे. राजाने पुन्हा सभा भरवली, आणि निवाड्यानंतर दुसरा आश्रम जळाला.

ही कथा सांगून भगवान शास्ता आपल्या भिक्षूंना म्हणाले, "मेल्यावर काय होते ते सांगा, नाहीतर जातो, असे म्हणून काल संघ सोडून गेलेला वसुनंद हा तेव्हा राजा होता. त्याच्या जाण्याचा दोष मला देणारे स्थविर पूर्णिक हे कंकायन होते. अमात्य मी होतो. जे ठाऊक नाही, ते ठाऊक आहे असे न म्हणणे ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. तिने तेव्हा कोणालाही वाचवले नाही."