उगवतीची फांदी

झाडं हीच गावं होती, त्या काळातली गोष्ट. एका वडावर साळुंक्यांचा थवा राहायचा. कारभार थव्याने निवडलेले पंच पाहायचे. वडाखाली बाजार भरू लागला, तशी कुरकुर सुरू झाली. थोरली पंच चिमाक्का वादाला कंटाळली होती. ती म्हणाली, "सगळ्यांनाच विचारू. वड सोडायचाय त्यांनी उगवतीच्या फांदीवर बसा, राहायचंय त्यांनी मावळतीच्या."

उगवतीची फांदी भाराने वाकली. चिमाक्काच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

सकाळी थवा गात उडाला. कोणी आमराईकडे वळलं, कोणी नदीकडे, कोणी देवळाच्या शिखराकडे. पांगलेला थवा बघून ससाणा झेपावला, तसे सगळे धापा टाकत वडावर परतले आणि पंचांवर तुटून पडले.

चिमाक्काला हसू आलं. "सोडायचा हे ठरलं. कुठं जायचं, ते मी विचारलंच नाही. आता आम्हा पंचांना जरा भांडू द्या."

आमराईत राखणदार, नदीकाठी साप, शिखरावर ऊन. भांडता भांडता कोणाच्याच मनात नसलेलं ओढ्याकाठचं बांबूचं बेट पुढं आलं.

"मग पुन्हा फांद्यांवर बसवायचं का सगळ्यांना?" धाकट्या पंचाने विचारलं.

"बसवू की," चिमाक्का म्हणाली. "पण आधी बेट दाखवून आणू."

थवा पुन्हा गात उडाला, या वेळी एकाच दिशेने.